पहिलं भारी घड्याळ घेताना

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिना करायला टाकताना आपण दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: आजचा भाव काय आणि घडणावळ किती. सोन्याचा भाव सगळ्या पेढ्यांवर जवळपास एकच असतो. घासाघीस होते ती घडणावळीवर, कारण तिथे कारागिराचा हात लागलेला असतो. पुढे कधी मोड घालायची वेळ आली तर सोन्याचे पैसे परत मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. कोल्हापुरातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

महागड्या घड्याळाचं गणित मला यावरूनच उमगलं. पन्नास हजारांच्या घड्याळात पट्ट्यासकट दीडशे ग्रॅमच्या आसपास स्टील असतं. कोल्हापूरच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात त्याच्या वजनाची काय किंमत होईल ते तुम्हीच सांगा. म्हणजे उरलेली जवळजवळ सगळी रक्कम घडणावळीची, आणि तिच्यात नावाचा वाटाही मिसळलेला. त्यामुळे घड्याळ घेणाऱ्या नवख्या माणसाने एकच गोष्ट शिकायची असते: आपण कुणाच्या घडणावळीचे पैसे देतोय आणि ती आपल्याला दिसते का. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: कशासाठी हवंय ते आधी कागदावर लिहा

वेळ मोबाइलवर दिसते, आणि पाचशे रुपयांचं घड्याळही ती बरोबर दाखवतं. तरी लोक लाख-लाख रुपये घालतात. विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात, पण खोदून पाहिलं की कारणं मोजकीच निघतात.

सगळ्यात जुनं आणि माझ्या मते सगळ्यात खरं कारण म्हणजे आठवण. आपल्याकडे लग्नात जावयाला अंगठीबरोबर घड्याळ देतात. निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळासोबत घड्याळ येतं. पोरगं पहिल्या नोकरीला लागलं की बाप स्वतःचं काढून त्याच्या मनगटावर बांधतो. उसाचं बिल जमा झालं, कर्ज फिटलं, पहिलं मशीन स्वतःच्या नावावर झालं, की त्या दिवसाची खूण म्हणून घड्याळ घेणारे मी कितीतरी पाहिलेत. अंगावर रोज वागवता येईल अशा वस्तू पुरुषाकडे असतात तरी किती?

दुसरं कारण कारागिरीची ओढ. माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते. लेथवर उभं राहायच्या आधी ते हातातली एचएमटी जनता (एचएमटी कंपनीचं चावीचं घड्याळ) काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे आणि सुट्टी झाली की हात धुऊन पुन्हा घालायचे. एका रविवारी त्यांनी तिचं मागचं झाकण उघडून मला आतलं फिरतं चक्र दाखवलं आणि म्हणाले, "बघ, आम्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब धरतो. ह्यांचा हिशेब त्याहून बारीक." ज्याने एकदा मायक्रोमीटर हातात धरलाय त्याला घड्याळाचं वेड समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं कारण मान. हे कबूल करायला लोक लाजतात, पण लाजायचं काही कारण नाही. फेटा बांधतो, साज घालतो, बुलेट पुसून ठेवतो, त्यातलंच हे. चार माणसांत बसल्यावर आपण नीट दिसावं असं वाटणं वाईट नाही. फक्त मानासाठी घेत असाल तर ते स्वतःशी स्पष्ट असू द्या, कारण मग नावाला जास्त पैसे पडणार, आणि ते तसे पडलेले चालतात.

चौथं कारण सांगतात गुंतवणुकीचं. इथे मी थांबवेन. मोजक्या कंपन्यांच्या मोजक्याच मॉडेलना दुकानापेक्षा बाहेर जास्त भाव मिळतो, आणि ती मॉडेल नवख्याला सहसा लवकर मिळत नाहीत. बाकी बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाची पायरी उतरताच घटते. घडणावळीला मोड येत नाही हे विसरू नका. पैसे वाढवायचे असतील तर सोनं घ्या, गुंठा घ्या.

दुसरी पायरी: आत काय फिरतंय ते समजून घ्या

ही पायरी चुकवू नका. निम्मी फसवणूक इथेच टळते.

सेलवर चालणाऱ्या घड्याळाला क्वार्ट्झ म्हणतात. आत क्वार्ट्झचा एक बारीक तुकडा असतो. विजेमुळे तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ते मोजून घड्याळ सेकंदाला एक ठोका पाडतं. हे महिन्याला फार तर १५-२० सेकंद चुकतं. वेळेच्या अचूकपणात कुठलंही लाखाचं चावीचं घड्याळ याच्यापुढे टिकत नाही, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं.

चावीच्या घड्याळात सेल नसतो. चावी दिली की आतली कमान गुंडाळली जाते. ती उलगडायला बघते, आणि तिचा जोर चाकांमधून एका डुलत्या चक्रापर्यंत पोचतो. ते चक्र बारीक केसासारख्या स्प्रिंगवर मागेपुढे डुलतं आणि प्रत्येक झोक्याला जोर थोडाथोडाच पुढे सोडतं. टिकटिक ऐकू येते ती याचीच. वडिलांच्या जनतेत तासाला १८,००० ठोके पडायचे, म्हणजे सेकंदाला ५. आजच्या अनेक घड्याळांत २८,८०० पडतात, म्हणजे सेकंदाला ८, म्हणून त्यांचा सेकंदकाटा सरकल्यासारखा दिसतो. खरेदीआधी घड्याळ कानाजवळ धरून ऐका आणि हा काटा डोळ्याजवळ धरून बघा.

ऑटोमॅटिक म्हणजे चावीचंच घड्याळ, फक्त आत अर्धगोल वजन बसवलेलं असतं. हात हलला की ते फिरतं आणि कमान आपोआप भरते. काढून ठेवलं तर साधारण दीड-दोन दिवसांत थांबतं. काही नव्या यंत्रांत तीन दिवसांपर्यंतही चालतं. ज्यांचा दिवस टेबलाशी बसून जातो त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता अचूकता कमी असूनही चावीचं घड्याळ महाग का? याचं उत्तर इतिहासात आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ॲस्ट्रॉन नावाचं जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. सोन्याच्या केसमधल्या (केस म्हणजे यंत्राभोवतीचं कवच) त्या घड्याळाची किंमत होती साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या एका छोट्या मोटारीइतकी. म्हणजे सुरुवातीला सेलचंच घड्याळ श्रीमंतांचं होतं! पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते इतकं स्वस्त झालं की स्वित्झर्लंडमधले घड्याळाचे कारखाने धडाधड बंद पडले. १९७० च्या सुमारास तिथे या धंद्यात ९०,००० माणसं होती, ती १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिसऱ्या हिश्शावर आली. जे टिकले त्यांनी ओळखलं की अचूकतेच्या शर्यतीत आपण हरलो. मग त्यांनी यंत्र हाताने घासून, कडा चमकवून, मागे काचेची खिडकी ठेवून विकायला सुरुवात केली. तेव्हापासून महागडं घड्याळ विकलं जातं ते घडणावळीवर.

स्विस घड्याळावर 'क्रोनोमीटर' असं लिहिलेलं असेल तर त्याची स्वतंत्र संस्थेकडून तपासणी झालेली असते: दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, यातच यंत्र चाललं पाहिजे. साध्या ऑटोमॅटिकने दिवसाला १०-१५ सेकंद इकडेतिकडे केले तरी ते बिघडलेलं नसतं.

तिसरी पायरी: घडणावळ बघायला शिका

सोनाराकडे असतं तसं भिंग दीडदोनशे रुपयांत मिळतं, ते खिशात ठेवा. दुकानात लाजू नका. गुजरीत हिऱ्याची कुडी भिंगाखाली बघताना कुणी लाजत नाही.

आधी काटे बघा. कडा स्वच्छ कापलेल्या आहेत की रंगाचे फुगवटे आलेत? तास दाखवणाऱ्या पट्ट्या सरळ बसल्यात का, विशेषतः १२ आणि ६ समोरासमोर आहेत का? डायलवरची अक्षरं तुटक दिसतात का? मग केस तिरकी धरून उजेडात फिरवा. चमकदार भाग आणि रेषा ओढलेला भाग जिथे मिळतात तिथली धार काटेकोर असेल तर त्यावर कुणीतरी वेळ घातलाय. धार वितळल्यासारखी दिसली तर घाईचं काम. उद्यमनगरात फिनिशिंग केलेला कुठलाही कारागीर तुम्हाला हे एका नजरेत सांगेल. अशी ओळख असेल तर त्याला बरोबर घेऊन जा.

स्टीलचा पट्टा हातात धरून हलवा. कडी-कडीत ढिलाई असेल, पत्र्यासारखा आवाज येत असेल, तर केसवर घातलेले पैसे पट्ट्यात वाचवलेत. बकल दहा वेळा उघडून बंद करा. चावी ओढा, काटे फिरवा. काटा उडी न मारता जड-गुळगुळीत फिरला पाहिजे.

किमतीचा अंदाज ढोबळमानाने असा: पाच ते दहा हजारांत चांगलं क्वार्ट्झ मिळतं. पंधरा ते पस्तीस हजारांत भारतीय आणि जपानी ऑटोमॅटिक. स्विस ऑटोमॅटिक साधारण पन्नास हजारांच्या पुढे. पाच हजारांचं आणि पन्नास हजारांचं घड्याळ शेजारी ठेवलं तर फरक कुणालाही दिसतो. पाच लाख आणि दहा लाख यांतला फरक दिसायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि त्यातही मोठा वाटा नावाचा असतो. म्हणून पहिल्याच खेपेला तिथवर जाऊ नका.

आपल्याकडच्या कामाला कमी लेखू नका एवढं सांगतो. टायटनने २००२ मध्ये काढलेलं एज हे घड्याळ केससकट साडेतीन मिलिमीटर जाडीचं होतं, आणि त्याचं यंत्र फक्त १.१५ मिलिमीटरचं. ते क्वार्ट्झ आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. पण एवढ्या जाडीत पाण्यापासून बचाव करणारी केस बसवणं किती अवघड, हे यंत्रावर काम केलेल्या माणसाला विचारा.

'स्विस मेड' या शब्दांनाही कायद्याची चौकट आहे. २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चातला किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. म्हणजे उरलेला भाग बाहेरचा असू शकतो, आणि तो असतोही.

चौथी पायरी: मनगट मोजा

दोऱ्याने मनगटाचा घेर घ्या, पट्टीवर मोजा. साडेसहा-सात इंच असेल तर ३८ ते ४० मिलिमीटरची केस शोभते. पैलवानी मनगट असेल तर ४२-४४ चालेल. व्यासापेक्षा महत्त्वाची असते वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी, जिथे पट्टा अडकतो. ती मनगटाच्या बाहेर डोकावली तर घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं. जाडी १२ मिलिमीटरच्या वर गेली की शर्टाच्या बाहीत अडकतं. फोटोवरून ठरवू नका. हातात घाला, आरशात लांबून बघा, निदान पाच मिनिटं दुकानात तसेच फिरा.

पाचवी पायरी: आपल्या पावसाचा विचार करा

घड्याळावर '३० मीटर' लिहिलेलं असतं आणि लोक ते घालून रंकाळ्याकाठी पावसात भिजतात. हा आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे. ५० मीटरला पावसात भिजलं तर चालतं. पोहायचं असेल तर १०० मीटर आणि शक्यतो पेचाने घट्ट बसणारी चावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, आणि गगनबावड्याकडे जाणाऱ्याला तर विचारायलाच नको. म्हणून पहिलं घड्याळ १०० मीटरचं घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

चामड्याचा पट्टा पावसाळ्यात काढून ठेवा, नाहीतर बुरशी धरतो आणि वास मारतो. त्या चार महिन्यांसाठी रबरी किंवा नायलॉनचा पट्टा घेऊन ठेवा. दोनतीनशे रुपयांत काम होतं.

काच सफायरची आहे का ते विचारा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० वर, सफायर ९ वर. साधी काच बरीच खाली, त्यामुळे फाउंड्रीच्या धुळीत, वाळूत तिच्यावर ओरखडे पडतात. सफायरला ओरखडा सहसा पडत नाही, पण कठीण असल्याने जोरात आपटली तर तडकते.

सहावी पायरी: दुकान, बिल, कार्ड

महाद्वार रोड, राजारामपुरी, शाहूपुरी भागातली तीन-चार दुकानं फिरा, एकाच दिवशी घेऊ नका. फार उंची घड्याळासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर जा, पण आधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते दुकान अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का बघा.

छापील किंमत अंतिम समजू नका. सूट मागायला संकोच नको. नसेल देत तर जादा पट्टा किंवा एक सर्व्हिसिंग मागा. किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, त्यामुळे "बिल नको, कमी करतो" असं कुणी म्हणालं तर सरळ उठा. बिल नाही तर वॉरंटी नाही आणि चोरी झाली तर पुरावाही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला रोख घेता येत नाही. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळी दुकानदाराने गोळा करायचा आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे, म्हणून घाई नसेल त्याने दोन-तीन वर्षांचे भाव बघत राहायला हरकत नाही.

वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि घड्याळावरचा क्रमांक तिथेच जुळवून बघा. पट्ट्याच्या काढलेल्या कड्या परत मागून घ्या. पुढे मनगट भरलं तर लागतील, आणि घड्याळ विकायचं झालं तर घेणारा पहिल्यांदा त्याच विचारतो.

सातवी पायरी: जुनं घ्यायचं असेल तर

एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून जनता, पायलट, कोहिनूर, कांचन यांना मागणी वाढली. चावीच्या घड्याळाची ओळख करून घ्यायला यासारखं स्वस्त शिक्षण नाही, म्हणून मी नवख्यांना हेच सुचवतो. पण ऑनलाइन भडक निळ्या-हिरव्या डायलची जी 'नवीकोरी' जुनी एचएमटी दिसतात, त्यांतल्या पुष्कळांचे डायल नव्याने रंगवलेले असतात, आतले भाग तीन-चार घड्याळांतून जमवलेले. डायलवरचं नाव जाड, वेडंवाकडं दिसलं की सोडून द्या. डाग पडलेला पण मूळ डायल कितीतरी चांगला.

हे मी हळहळून सांगतो. वडील गेल्यावर त्यांची जनता बंद पडली होती, ती मी दुरुस्तीला टाकली. परत मिळाली तेव्हा चालत होती, पण डायल पांढराशुभ्र झाला होता. चारच्या आकड्याजवळ मशीनच्या तेलाचा पिवळा डाग होता, तो गेला. मागच्या झाकणावर त्यांनी दाभणाने कोरलेली आद्याक्षरं पॉलिशमध्ये गेली. कारागिराने माझ्यासाठी चांगलंच केलं असं त्याला वाटत होतं. मी काय नको ते सांगितलंच नव्हतं. म्हणून कुणाचंही जुनं घड्याळ दुरुस्तीला देताना पावतीवर लिहून घ्या: डायल बदलू नये, रंगवू नये, केसला पॉलिश करू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. देण्याआधी पुढून-मागून फोटो काढा.

आठवी पायरी: पहिले आठ दिवस

चावीचं घड्याळ रोज एकाच वेळी, हातातून काढून भरा. घट्ट लागलं की थांबा. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नका. तेव्हा आतली चाकं तारीख ढकलायच्या तयारीत असतात आणि जोर केला तर दात तुटतो. काटे आधी सहावर आणा, मग तारीख बदला.

चुंबकापासून जपा. उद्यमनगरातल्या मॅग्नेटिक चकवर (मशीनवर लोखंड चुंबकाने धरून ठेवणारा भाग), स्पीकरवर, चुंबकाचं झाकण असलेल्या मोबाइल कव्हरवर घड्याळ ठेवलं की आतली केसासारखी स्प्रिंग चिकटते आणि घड्याळ अचानक दिवसाला मिनिटं-मिनिटं पुढे पळायला लागतं. बिघडलं म्हणून उघडायला देऊ नका. आधी चुंबकत्व काढून मागा. दोन मिनिटांचं काम असतं.

सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी. आतलं तेल सुकतं, आणि सुकल्यावर घड्याळ चालत राहिलं तरी आतले भाग घासून झिजतात. त्या खर्चाचा अंदाज घड्याळ विकत घेतानाच विचारून ठेवा.

आता एक वही घ्या. पहिल्या सकाळी मोबाइलच्या सेकंदाशी घड्याळ जुळवा आणि वेळ लिहा. दुसऱ्या सकाळी त्याच वेळी फरक लिहा. रात्री काढून ठेवताना एक दिवस डायल वर करून ठेवा, दुसऱ्या दिवशी चावी खाली करून उभं ठेवा, आणि रोजचा फरक मांडत जा. आठव्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की ते कुठल्या बाजूला ठेवलं की मागे पडतं आणि कुठल्या बाजूला पुढे जातं. दिवसभरात जेवढं पुढे पळतं तेवढं रात्री मागे आणणारी बाजू सापडली, की झोपताना ते तसंच ठेवायचं.